किती थांबावे, किती वेळा विचारावे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. चिकलठाणा एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटलेली असते, जालना रोडवर गाड्यांची रीघ लागलेली असते आणि मुकुंदवाडीच्या भाजीबाजारात मेथीची जुडी, पाव किलो भेंडी, अर्धा किलो टोमॅटो असे हिशेब चाललेले असतात. पंधरा वर्षांपूर्वी अशा बाजारात सुट्ट्या पैशांवरून हुज्जत ठरलेली असायची. आता गाड्यावर क्यूआर कोडची पाटी असते. गिऱ्हाईक मोबाइल समोर धरते, पिन टाकते आणि दोघेही क्षणभर गप्प उभे राहतात. मग छोट्या डबीतून ‘चाळीस रुपये मिळाले’ असा आवाज येतो आणि व्यवहार पुरा होतो.

ते क्षणभर गप्प उभे राहणे हाच आपला आजचा विषय आहे.

त्या दोन-चार सेकंदांत काय काय घडते ते पाहा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधले अ‍ॅप आपल्या भागीदार बँकेला निरोप देते. ती बँक मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला, म्हणजे एनपीसीआयला कळवते. एनपीसीआय गिऱ्हाइकाचे खाते ज्या बँकेत आहे तिला पैसे वजा करायला सांगते, मग भाजीवाल्याच्या बँकेला ते जमा करायला सांगते आणि ‘झाले’ हा निरोप मागे फिरतो. शिवाय यातल्या प्रत्येक ठिकाणी आत पुन्हा अनेक लहान संगणकीय सेवा असतात. एक पिन तपासते, एक शिल्लक बघते, एक फसवणुकीचा संशय घेते, एक एसएमएस पाठवते. चाळीस रुपयांचा एक निरोप असा कितीतरी हातांतून जातो.

आता प्रश्न असा की यातला एखादा हात मंदावला तर बाकीच्यांनी काय करायचे? थांबायचे, तर किती? पुन्हा विचारायचे, तर किती वेळा? आणि ‘आता पुरे’ कधी म्हणायचे? या प्रश्नांची आधीच ठरवून ठेवलेली उत्तरे म्हणजे सेवांमधल्या वाहतुकीचे नियम. संगणक क्षेत्रात त्यांना ‘ट्रॅफिक पॉलिसी’ म्हणतात आणि हे नियम एका जागेवरून सगळ्या सेवांना लावणारी जी व्यवस्था गेल्या दहा वर्षांत उभी राहिली, तिला ‘सर्व्हिस मेश’, म्हणजे सेवांचे जाळे, असे नाव आहे. नाव नवे असले तरी त्यामागचा विचार आपल्या रोजच्या ओळखीचा आहे.

एका शनिवारची गोष्ट

१२ एप्रिल २०२५, शनिवार. हनुमान जयंतीचा दिवस. त्या दिवशी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळले. कुणाचे पैसे जात नव्हते, कुणाचे गेले तरी समोर पोहोचल्याचे कळत नव्हते. त्याआधी २६ मार्चपासूनच अशा अडचणी अधूनमधून आल्या होत्या, पण ही सर्वांत लांबली.

कारण काय निघाले? कुठे आग लागली नव्हती की केबल तुटली नव्हती. यूपीआयमध्ये ‘चेक ट्रान्झॅक्शन’ नावाची एक सोय आहे. एखाद्या व्यवहाराचे उत्तर वेळेत आले नाही तर ‘त्याचे काय झाले?’ असे बँकेने एनपीसीआयला विचारायचे, एवढेच तिचे काम. एनपीसीआयने शोध घेतला तेव्हा दिसले की काही बँकांच्या यंत्रणा हाच प्रश्न पुनःपुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांसाठीही, विचारत होत्या. चौकश्यांचा असा लोंढा आला की खरे व्यवहार त्यात गुदमरले.

श्रोतेहो, यातली गंमत लक्षात घ्या. प्रत्येक बँक आपल्या ग्राहकाच्या काळजीपोटीच विचारत होती. एकेकट्याने पाहिले तर कुणाचे वागणे चुकीचे वाटणार नाही. पण सगळ्यांनी मिळून दमलेल्या यंत्रणेला आणखी दमवले. रेशन दुकानात गर्दी असताना प्रत्येकाने दर मिनिटाला खिडकीशी जाऊन ‘माझा नंबर कधी?’ असे विचारले, तर दुकानदार धान्य मोजणार कधी?

एनपीसीआयने यावर जे उपाय केले ते बघण्यासारखे आहेत. २६ एप्रिल २०२५च्या परिपत्रकाने तिने वाट पाहण्याच्या वेळा कमी केल्या. पैसे पाठवण्याच्या विनंतीला ३० सेकंदांऐवजी १५ सेकंदांत आणि व्यवहाराची स्थिती सांगण्याला ३० ऐवजी १० सेकंदांत उत्तर द्यायचे ठरले. हे १६ जून २०२५पासून लागू झाले. मग १ ऑगस्टपासून आणखी मर्यादा आल्या. एका अ‍ॅपवरून एका ग्राहकाला दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येईल. मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच मागवता येईल. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच आणि दोन चौकश्यांत किमान ९० सेकंदांचे अंतर ठेवून करायची. हप्ते-वर्गणी आपोआप कापणारे ऑटोपेचे व्यवहार सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ या गर्दीच्या वेळा टाळून करायचे. आणि प्रत्येक व्यवहारानंतर शिल्लक बँकेनेच कळवायची, म्हणजे ती विचारायची वेळच येऊ नये.

त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयने महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. दिवसरात्र धरून सरासरी काढली तर त्या महिन्यात दर सेकंदाला सुमारे साडेसात हजार व्यवहार झाले. इतक्या गर्दीत शिस्त ही शोभेची वस्तू उरत नाही.

मंदावणे हे बंद पडण्यापेक्षा वाईट

आता थोडे गणित करू. घाबरू नका, गुणाकारापलीकडचे काही नाही.

समजा, एका सेवेकडे दर सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंतीला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मग कोणत्याही क्षणी तिच्या हातात १० विनंत्या असतात. आता मागचा डेटाबेस मंदावला आणि प्रत्येक विनंती ३० सेकंद लटकून राहू लागली. येणारे लोक तेवढेच आहेत, सेकंदाला १००. पण हातात अडकलेल्या विनंत्या झाल्या ३,०००. गर्दी वाढली नाही, तरी रांग तीनशेपट झाली. प्रत्येक अडकलेली विनंती संगणकाची थोडी स्मृती आणि एक जोडणी धरून बसते. ती संपली की ही सेवाही पडते. मग हिच्यावर अवलंबून असलेली पडते, मग तिच्यावरची. रांगेत उभ्या केलेल्या सायकलींपैकी एक कलंडली की सगळी रांग जाते, तसे.

म्हणून बंद पडलेली सेवा परवडते, मंदावलेली परवडत नाही. बंद दुकानाचे शटर दिसले की गिऱ्हाईक पुढे जाते. उघड्या दुकानात कुणी उत्तरच देत नसेल, तर मात्र ते ताटकळत उभे राहते. ३० सेकंदांची मर्यादा १० वर आणली, तर वरच्या उदाहरणातले ३,००० लगेच १,००० होतात. एनपीसीआयने वेळा का कमी केल्या, ते यावरून कळेल.

दुसरा गुणाकार पुन्हा विचारण्याचा. समजा, अ ही सेवा ब ला विचारते, ब क ला आणि क ही ड ला. उत्तर आले नाही तर एकूण तीन वेळा प्रयत्न करायचा, असा साधा नियम अ, ब आणि क या तिघींनी आपापल्यापुरता केला. आता ड अडखळली. क तिला तीनदा विचारते. ब ने क ला तीनदा विचारले म्हणून ते नऊ होतात. अ ने ब ला तीनदा विचारले म्हणून सत्तावीस. गिऱ्हाइकाने एकदा बटण दाबले आणि आधीच आजारी असलेल्या ड च्या दारावर सत्तावीस थापा पडल्या. प्रत्येकीचा नियम शहाणपणाचा होता, पण साखळीकडे कुणी पाहिले नव्हते.

जय-वीरूची गाडी

मग हे नियम लिहायचे कुठे? पूर्वी प्रत्येक सेवा लिहिणारा प्रोग्रामर ते आपल्या प्रोग्रामातच लिहीत असे. अमेरिकेतल्या नेटफ्लिक्स कंपनीने २०१२मध्ये हिस्ट्रिक्स नावाचे तयार साधन यासाठी सर्वांना खुले केले. पण ते जावा भाषेतल्या प्रोग्रामांसाठी होते. एकाच कंपनीत एक सेवा जावात, दुसरी पायथनमध्ये, तिसरी गो भाषेत लिहिलेली असते. प्रत्येक भाषेसाठी वेगळे साधन, प्रत्येक गटाचे वेगळे आकडे. एकाने वाट पाहायची ५ सेकंद ठेवली, दुसऱ्याने ६०, तिसरा ठेवायलाच विसरला. आणि आकडा बदलायचा तर सगळे प्रोग्राम पुन्हा तयार करून चढवायचे.

यातून एक युक्ती निघाली. ‘शोले’मधली जय-वीरूची मोटारसायकल आठवते ना? तिला बाजूला एक जास्तीची डबी जोडलेली होती. तिला साइडकार म्हणतात. तसाच प्रत्येक सेवेच्या बाजूला एक छोटा प्रोग्राम बसवायचा. सेवेकडून जाणारा आणि सेवेकडे येणारा प्रत्येक निरोप त्याच्या हातून जाणार. मूळ सेवेने फक्त आपले काम करायचे. किती थांबायचे, पुन्हा कधी विचारायचे, कुणाला आत घ्यायचे, हे साइडकारने बघायचे. त्यालाही नाव साइडकारच पडले. लिफ्ट या अमेरिकन टॅक्सी कंपनीने असा एन्व्हॉय नावाचा प्रोग्राम सप्टेंबर २०१६मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी लिंकरडी आले. मे २०१७मध्ये गूगल, आयबीएम आणि लिफ्ट यांनी मिळून इस्टिओ जाहीर केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ शीड, जहाजाचे शीड.

या सगळ्या साइडकारांवर एक नियंत्रण कक्ष असतो. अभियंता तिथे नियम लिहितो: ‘पेमेंट सेवेसाठी ३ सेकंदच थांबा’. काही क्षणांत तो नियम शेकडो साइडकारांपर्यंत पोहोचतो आणि मूळ सेवेच्या एका ओळीलाही हात लागत नाही. शहरातल्या सगळ्या सिग्नलांच्या वेळा एका कक्षातून बदलाव्यात, तसे हे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. यूपीआयचे बँकांमधले जाळे म्हणजे सर्व्हिस मेश नव्हे. मेश साधारणपणे एकाच संस्थेच्या आत असते. पण नियमांची जात एकच आहे. फरक अंमलबजावणीचा आहे. एनपीसीआय परिपत्रक काढते आणि ते पाळण्याची जबाबदारी बँकांवर टाकते. मेशमध्ये मात्र नियम दारातच बसलेला असतो, विसरायला कुणी मोकळे नसते.

चार मुख्य नियम

पहिला नियम, वाट पाहण्याची मुदत. इंग्रजीत टाइमआउट. ती ठरवताना अंदाज चालत नाही, मोजमाप लागते. शंभर विनंत्यांपैकी नव्व्याण्णव किती वेळात पुऱ्या होतात ते पाहायचे आणि त्याच्या थोडे वर मुदत ठेवायची. दुसरे पथ्य असे की बाहेरच्या सेवेची मुदत आतल्या सेवेपेक्षा मोठी हवी. बाहेरच्याने १० सेकंदांत नाद सोडला आणि आतला ३० सेकंद राबत बसला, तर ते गिऱ्हाईक निघून गेल्यावर भाजी तोलत बसण्यासारखे आहे. इस्टिओमध्ये आपण होऊन मुदत ठरवली नाही, तर वेबवरच्या साध्या विनंतीला मुदतच नसते. म्हणजे न लिहिलेला नियम हाही एक नियमच असतो आणि तो म्हणतो, ‘कितीही थांबा’.

दुसरा नियम, पुन्हा विचारणे, म्हणजे रिट्राय. इस्टिओ न सांगताही अयशस्वी विनंतीसाठी दोनदा पुन्हा प्रयत्न करते, हे अनेकांना ठाऊक नसते. इथे सर्वांत मोठा प्रश्न असा की हे काम पुन्हा केले तर चालेल का? शिल्लक दहादा विचारली तरी शिल्लक बदलत नाही. पण ‘चाळीस रुपये वजा करा’ हा हुकूम दोनदा गेला तर? पहिला हुकूम पोहोचला, पैसे वजा झाले आणि फक्त उत्तर वाटेत हरवले, असेही असू शकते. म्हणून पैशाच्या हुकुमाला एकमेव क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सेवेने ‘हे झालेले आहे’ एवढेच म्हणायचे. अशी तजवीज नसेल तर पैसे वजा करणाऱ्या विनंतीचे रिट्राय बंदच ठेवावे. वर सांगितलेल्या सत्तावीस थापा टाळायच्या तर रिट्राय साखळीतल्या एकाच ठिकाणी ठेवावे. शिवाय प्रत्येक वेळी अंतर वाढवत न्यावे आणि त्या अंतरात थोडी अनियमितता ठेवावी. नाहीतर रेल्वेचे फाटक उघडताच दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम घुसतात आणि मधोमध अडकतात, तसे होते. लिंकरडीने यासाठी खर्चाचे बजेट असावे तशी कल्पना काढली. मूळ विनंत्यांच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त, उदाहरणार्थ २० टक्क्यांपेक्षा जास्त, पुनर्प्रयत्न होऊ द्यायचे नाहीत.

तिसरा नियम, सर्किट ब्रेकर. हा तर आपल्या घरातच आहे. मीटरशेजारचा एमसीबी. तारेवर भार जास्त झाला की तो खट्‌कन पडतो. घरात अंधार होतो, पण आग लागत नाही. ही कल्पना संगणक सेवांसाठी मायकल नायगार्ड यांच्या २००७मधल्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकाने रूढ केली. एखादी सेवा सतत चुका देऊ लागली तर तिला काही काळ विचारणेच बंद करायचे, लगेच ‘आता होणार नाही’ असे उत्तर द्यायचे आणि थोड्या वेळाने एखादी विनंती पाठवून अंदाज घ्यायचा. मोठ्या सेवेच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असतात. इस्टिओमध्ये यातली आजारी प्रत बाजूला काढण्याचा नियम लावला, तर ठरलेले आकडे असे आहेत: सलग ५ चुका झाल्या की ती प्रत ३० सेकंद बाजूला, पण एका वेळी १० टक्क्यांहून जास्त प्रती बाजूला काढायच्या नाहीत. ही शेवटची अट फार महत्त्वाची. नाहीतर ‘आजारी’ म्हणून एकेकाला घरी पाठवता पाठवता उरलेल्यांवर एवढा बोजा पडतो की तेही आजारी पडतात.

चौथा नियम, मर्यादा. महाराष्ट्राला याचे मराठी नाव शिकवावे लागणार नाही. भारनियमन. वीज कमी आणि मागणी जास्त, तेव्हा सगळे ग्रीड कोसळू नये म्हणून काही भाग बंद ठेवायचा. सेवेलाही असेच सांगावे लागते: एका वेळी इतक्याच जोडण्या घे, रांगेत इतकेच थांबू दे, बाकीच्यांना दारातूनच नम्रपणे परत पाठव. एन्व्हॉयमध्ये एका सेवासमूहाकडे एका वेळी १,०२४ जोडण्या ही मुळातली मर्यादा आहे, आपापल्या गरजेप्रमाणे ती बदलायची. आणि कुणाला परत पाठवायचे, हेही ठरवून ठेवायचे. भाजीवाल्याचे चाळीस रुपये थांबू नयेत म्हणून मासिक वर्गणीचा हप्ता रात्री कापला तर कुणाचे बिघडत नाही. शेतीपंपांना रात्रीची वीज देण्यामागचे गणितही तसेच होते. शेतकऱ्याला त्याची किंमत किती मोजावी लागली, हे मराठवाड्याला सांगायला नको. म्हणून कुणाचा भार कुठे सरकवायचा, हा नुसता तांत्रिक निर्णय नसतो. त्यात कुणाची गैरसोय चालेल आणि कुणाची नाही, हे ठरवले जाते.

या चारांखेरीज मेश आणखीही कामे करते. नवी आवृत्ती आणायची तर शंभरातल्या पाच विनंत्याच तिच्याकडे वळवायच्या, ठीक चालली तर वीस, मग पन्नास, मग सगळ्या. नवे बियाणे शेतकरी आधी एका वाफ्यात पेरून बघतो, तेच हे. दोन सेवा एकमेकींशी बोलण्याआधी दोघींची ओळखपत्रे तपासायची आणि बोलणे गुप्त ठेवायचे, हेही साइडकार बघते. आणि कारखान्यात मॉक ड्रिल होते तशी मुद्दाम अडचणही आणता येते. ठरवून एखाद्या सेवेच्या उत्तराला पाच सेकंद उशीर लावायचा आणि बाकीच्या कशा वागतात ते शांत वेळी बघून ठेवायचे.

नियम लावणाऱ्याने पाळायचे नियम

आपल्या शहरातली कितीतरी मुले-मुली आज पुणे, हैदराबाद, बंगळूरला या कामात आहेत. काही घरी बसून इथूनच करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कामाविषयी कुतूहल असलेल्या आईवडिलांसाठी दोन-तीन गोष्टी.

एक, मेश हे औषध आहे, आहार नव्हे. तीन-चार सेवांचे लहान काम असेल तर त्याची गरज नसते. प्रत्येक सेवेशेजारी साइडकार म्हणजे तेवढी स्मृती आणि तेवढा वीजखर्च आला. हा भार कमी करण्यासाठीच इस्टिओने प्रत्येक सेवेला वेगळी साइडकार न लावण्याची पद्धत काढली. नोव्हेंबर २०२४मध्ये ती सर्वसाधारण वापरासाठी पक्की झाली. पण गरज आहे का, हा प्रश्न तिथेही पहिलाच.

दोन, जे हत्यार एका क्षणात सगळीकडे चांगला नियम पोहोचवते, तेच चुकीचा नियमही त्याच वेगाने पोहोचवते. ३ सेकंदांऐवजी चुकून ३ मिलिसेकंद लिहिले तर सगळ्या सेवा एकदम ‘उत्तर आले नाही’ म्हणून ओरडू लागतील. म्हणून नियमसुद्धा आधी एका सेवेवर लावून पाहावा, कुणी बदलला आणि का बदलला याची नोंद ठेवावी आणि मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी.

तीन, आकडा दुसऱ्याकडून उचलू नये. पुस्तकातली किंवा साधनाबरोबर आलेली संख्या सुरुवातीपुरती असते. आपली सेवा किती वेळ घेते, तिच्या मागे कोण उभे आहे, पुढे कोण, आणि शेवटी फोन हातात घेऊन उभा असलेला माणूस किती सेकंद धीर धरेल, हे बघून आकडा ठरतो. साखळीच्या दोन्ही टोकांना माणसे आहेत, हे विसरले की २७ थापांचे गणित सुरू होते.

आपल्या हातातला नियम

तुम्ही म्हणाल, हे सगळे अभियंत्यांचे झाले. आमचे काय? तर श्रोतेहो, या साखळीतला सर्वांत बाहेरचा दुवा आपणच आहोत. पैसे अडकले की आपणही तेच करतो, जे त्या यंत्रणा करत होत्या. ‘गेले नाहीत वाटतं, पुन्हा करा’ म्हणतो आणि पुन्हा पाठवतो. यंत्राचा पुनर्प्रयत्न त्याच क्रमांकाने होऊ शकतो. आपला मात्र नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार होतो. बँकेच्या लेखी ती दोन वेगळी देणी, आणि दोन्ही गेली तर दोष यंत्राचा नसतो.

म्हणून तीन साध्या गोष्टी. व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल तर मिनिट-दोन मिनिटे थांबावे आणि त्याच व्यवहाराची स्थिती पाहावी, नवा करू नये. पैसे वजा झालेले दिसत असतील तर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. आणि आपला हक्क माहीत असावा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेला व्यवहार असेल आणि त्याच्याकडे पोच आली नसेल तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी.

विक्रेत्यांनाही एक सांगणे. डबीतून आवाज आला नाही म्हणजे गिऱ्हाईक फसवते आहे, असे लगेच धरू नये. तो आवाजसुद्धा एक वेगळी सेवा आहे आणि तीही मंदावू शकते. आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा खात्यात जमा दिसते का, ते बघावे. आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये.

थोडक्यात काय, तर उत्तर येत नसताना किती थांबायचे आणि किती वेळा विचारायचे, हे ज्याचे त्याने घाईत ठरवले की सगळ्यांचेच अडते. शांत वेळी, सगळी साखळी डोळ्यांसमोर ठेवून, सर्वांसाठी मिळून ठरवले की अडचण आली तरी ती एका ठिकाणी थांबते, पसरत नाही. सर्व्हिस मेशच्या सगळ्या किचकट नावांमागे एवढीच गोष्ट आहे.